स्वरांच्या खुणा आणि खुणांची नावे



हजीऱ्यालगतच्या सुवालीच्या किनाऱ्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत येतो तो बहुधा १६१२ सालच्या लढाईमुळे. कॅप्टन टॉमस बेस्ट याच्या इंग्रज जहाजांनी या किनाऱ्यासमोर पोर्तुगीज आरमाराशी सामना दिला आणि इंग्रजी व्यापाराला सुरतेचे दार उघडून दिले. त्याच ताफ्यातून दोन वादकही आले होते, ही गोष्ट तेवढी प्रसिद्ध नाही. लान्सेलॉट कॅनिंग हा व्हर्जिनल नावाचे पट्ट्यांचे तंतुवाद्य वाजवणारा आणि रॉबर्ट ट्रली हा कॉर्नेट वाजवणारा. पुढे दोघेही आग्ऱ्यास जहांगीर बादशहापुढे उभे राहिले. कॅनिंगच्या नाजूक व्हर्जिनलने बादशहाचे मन रमले नाही. ट्रलीचे कॉर्नेट मात्र त्याला आवडले, अशी हकीकत त्या काळच्या कंपनीच्या पत्रव्यवहारातून कळते.

या हकीकतीतील एक शब्द थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. आज ‘कॉर्नेट’ म्हटले की लग्नाच्या वरातीतील बँडचे पितळी वाद्य डोळ्यांपुढे येते. ट्रलीच्या हातातील कॉर्नेट लाकडाचे होते, त्याला बासरीसारखी बोटांची छिद्रे होती. ते वाद्य पुढे मागे पडले, नाव तेवढे उरले आणि दोन शतकांनी दुसऱ्याच वाद्याला चिकटले. संगीताच्या परिभाषेत असे वारंवार घडते. वस्तू बदलते, नाव राहते. किंवा नाव तेच राहून अर्थ उलटा होतो. लिहिलेल्या संगीताच्या खुणा व संज्ञा यांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसते. इंग्रजीने या खुणांना नावे कशी दिली आणि मराठीने आपल्या खुणांना नावे दिली की नाही, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न वरवर शब्दांचा दिसतो. पण जुन्या बंदिशी पुढील पिढीला वाचता येतील की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

प्रथम इंग्रजी शब्दसंग्रहाकडे वळू. ज्या पाच आडव्या रेषांवर पाश्चात्य संगीत लिहिले जाते त्यांना इंग्रजीत ‘स्टाफ’ किंवा ‘स्टेव्ह’ म्हणतात; शब्दाचा मूळ अर्थ काठी. त्या रेषांच्या आरंभी जी वळणदार आकृती असते तिला ‘क्लेफ’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ किल्ली. कोणती रेषा कोणत्या स्वराची, हे त्या किल्लीने उघडते. पियानोच्या पुस्तकात उजव्या हाताच्या ओळीवर दिसणारी ती सुंदर आकृती म्हणजे वस्तुतः रोमन लिपीतील ‘जी’ हे अक्षर आहे. शतकानुशतके लेखनिकांच्या हातून वळणे घेत घेत ते ओळखू येईनासे झाले. डाव्या हाताच्या ओळीवरील आकृती म्हणजे ‘एफ’ हे अक्षर. म्हणजे जी गोष्ट आज गूढ चिन्ह वाटते ती मुळात साधे अक्षरच होती.

कालमानाच्या संज्ञा याहून मनोरंजक आहेत. मध्ययुगीन युरोपात स्वराचे दोन प्रकार मानले जात : लांब आणि आखूड. आपल्या छंदःशास्त्रातील गुरू-लघूंची आठवण व्हावी अशीच ही विभागणी. आखूड स्वराला ‘ब्रीव्ह’ म्हणत. पुढे त्याहूनही लहान स्वर लागला, त्याला ‘सेमिब्रीव्ह’ म्हणजे अर्धा आखूड म्हटले. त्याहून लहान लागला तेव्हा त्याला ‘मिनिम’ म्हणजे सर्वांत लहान असे नाव मिळाले. पण संगीत काही थांबले नाही. सर्वांत लहान म्हणवणाऱ्या मिनिमचेही दोन तुकडे झाले, त्या तुकड्यांचे आणखी दोन झाले. आणि आज स्थिती अशी आहे की, नेहमीच्या लेखनात सेमिब्रीव्ह, म्हणजे ‘अर्धा आखूड’, हाच सर्वांत लांब स्वर होऊन बसला आहे. मिनिमच्या खाली क्रॉचेट, क्वेव्हर, सेमिक्वेव्हर, डेमिसेमिक्वेव्हर आणि हेमिडेमिसेमिक्वेव्हर अशी पाच पायऱ्यांची उतरंड आहे. शेवटच्या नावातील हेमि, डेमि आणि सेमि हे अनुक्रमे ग्रीक, फ्रेंच आणि लॅटिन भाषांतील ‘अर्धा’ या अर्थाचे शब्द होत. तीन भाषांकडून तीन वेळा अर्धे उसने घेऊन एक नाव सिद्ध झाले आहे.

क्रॉचेटची तऱ्हा आणखी निराळी. शब्दाचा अर्थ लहान आकडा. परंतु आजच्या क्रॉचेटला आकडा नसतोच, तो त्याच्या अर्ध्या मानाच्या क्वेव्हरला असतो. फ्रेंच भाषेत त्याच मुळाचा शब्द क्वेव्हरसाठी वापरतात आणि क्रॉचेटला सरळ ‘काळा’ म्हणतात. मिनिमला ‘पांढरा’ आणि सेमिब्रीव्हला ‘गोल’. डोळ्यांना जसे दिसते तसे नाव. अमेरिकेत जर्मन पद्धतीचे अनुकरण करून या सगळ्या जुन्या नावांना रजा देण्यात आली आणि पूर्ण, अर्धा, चतुर्थांश, अष्टमांश अशी अपूर्णांकांची नावे रूढ झाली. एकच खूण, पण लंडनमध्ये तिचे नाव इतिहास सांगते, पॅरिसमध्ये रूप सांगते आणि न्यूयॉर्कमध्ये हिशेब सांगते.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. ज्याला आपण इंग्रजी परिभाषा म्हणतो ती बरीचशी इंग्रजी नाहीच. किल्ली फ्रेंचांची, मिनिम लॅटिनचा, लय आणि जोर दाखवणारे अलेग्रो, अंदान्ते, पियानो, फोर्टे हे सारे शब्द इटलीचे. इंग्रजांनी त्यांचे भाषांतर करण्याचा आग्रह धरला नाही. जे शब्द वादकांच्या तोंडी बसले ते ठेवून घेतले. परिभाषेची शुद्धता आणि परिभाषेची उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातील पहिला बोध.

दुसरा बोध भाषांतराच्या मर्यादेविषयीचा आहे. ‘शार्प’ म्हणजे तीव्र आणि ‘फ्लॅट’ म्हणजे कोमल, असे शालेय कोष्टक सर्वत्र दिले जाते. कामापुरते ते ठीक आहे. पण इंग्रजीत कोणताही स्वर शार्प होऊ शकतो, हिंदुस्थानी संगीतात तीव्र होतो तो एकटा मध्यम. कोमल होतात ते ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद. षड्ज व पंचम अचल राहतात. शिवाय इंग्रजीत गायकाचा सूर जागेवर न लागता वर गेला तरी तो शार्प आणि खाली आला तरी तो फ्लॅटच. दोष आणि स्वररूप यांना तेथे एकच शब्द. मराठीत कोमल हा कधीही दोष नव्हे. सूर बिघडला तर तो ‘चढला’ किंवा ‘उतरला’ असे म्हणतात. कोमल गांधार उतरा लागू शकतो आणि चढाही लागू शकतो. हा भेद मराठी ज्या सहजतेने सांगते त्या सहजतेने इंग्रजी सांगू शकत नाही.

कोमल या शब्दाचे एक लांबचे नातेही येथे नोंदवले पाहिजे. युरोपात फार पूर्वी एकाच ‘बी’ अक्षराच्या दोन आकृती स्वरलेखनात वापरत : एक गोल, एक चौकोनी. गोल अक्षर म्हणजे मृदू ‘बी’, चौकोनी म्हणजे कठीण ‘बी’. गोल अक्षरापासून आजची फ्लॅटची खूण झाली आणि चौकोनी अक्षरापासून नॅचरल व शार्प यांच्या खुणा झाल्या. लॅटिनमधील मृदू ‘बी’वरून फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत ‘बेमोल’ हा शब्द आला. इंग्रजीने ‘फ्लॅट’, म्हणजे चपटा, हा शब्द पत्करला आणि मृदुत्वाचा धागा तेथे तुटला. गोव्यात मात्र चर्चच्या शाळांतून मेस्त्रांकडे संगीत शिकणाऱ्या मुलांच्या कानी पोर्तुगीजांचा बेमोलच पडत राहिला. कोमल आणि बेमोल, दोन दूरच्या भाषांनी एकाच स्वररूपाला मृदू म्हणावे आणि मराठी-कोकणी मुलखात ते दोन शब्द शेजारी नांदावेत, हा योगायोग सुखद आहे.

या गोमंतकीय परंपरेचे ऋण मुंबईच्या चित्रपटसृष्टीवर मोठे आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्यासारखे व्हायोलिनवादक, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक पाच रेषांवरचे लेखन लीलया वाचत व लिहीत. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी, सरगमने सांगे. संयोजक ती कागदावर उतरवून पन्नास वादकांच्या पुढ्यात ठेवी. दोन भाषा एका खोलीत काम करीत होत्या आणि दोहोंमधील दुभाषे गोव्याचे होते. गोन्साल्विस यांनी भारतीय रागसंगीत व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी १९५८ साली स्वतंत्र वाद्यवृंदही उभा केला.

आता ‘नोट’ या शब्दाकडे पाहू. इंग्रजीत नोट म्हणजे ऐकू येणारा स्वर, नोट म्हणजे त्याची कागदावरची खूण आणि नोट म्हणजे त्या खुणेने दाखवलेले कालमानही. मराठीतील ‘स्वर’ हा शब्द केवळ पहिल्या अर्थाचा आहे. मराठी संगीतकारांनी ‘नोट’ हा शब्द फारसा घेतला नाही, पण ‘नोटेशन’ मात्र बिनदिक्कत घेतला. ‘या गाण्याचे नोटेशन काढून दे’ हे वाक्य कोणत्याही गायनवर्गात ऐकू येते. ‘स्वरलेखन’ किंवा ‘स्वरलिपी’ हे शब्द ग्रंथांत राहिले. याचे कारण उघड आहे. येथील संगीत गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात गेले. खुणेची गरज उशिरा लागली, आणि जेव्हा लागली तेव्हा तिला बोलायचा शब्दही बाहेरून आला.

त्याचप्रमाणे ‘बार’ म्हणजे आवर्तन नव्हे. पाश्चात्य लेखनात उभ्या रेषेने मोजणीचे समान तुकडे पाडतात. त्रितालाच्या सोळा मात्रांच्या आवर्तनात असे चार खंड पडतात, पण त्या चौघांची योग्यता सारखी नसते. एकावर सम, दोघांवर टाळी, एकावर खाली. क्रॉचेट हा पूर्ण स्वराचा चौथा भाग म्हणून मोजला जातो. मात्रा कशाचाही भाग नसते, तीच मूळ एकक असते आणि तिच्यात दोन, तीन, चार स्वर बसवून दुगुन, तिगुन, चौगुन होते. तेथे भागाकाराची दृष्टी, येथे गुणाकाराची. अशा ठिकाणी शब्दास शब्द ठेवून भाषांतर केले तर वरवर सगळे जुळते आणि आतून काहीच जुळत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे स्वरलेखनाच्या एतद्देशीय पद्धती का निर्माण झाल्या हे कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाद चांगलाच पेटला होता. बंगालमध्ये सरकारी शिक्षणखात्यातील चार्ल्स क्लार्क यांनी पाश्चात्य रेषालेखनाचा पुरस्कार केला आणि राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७४ साली त्यास सविस्तर उत्तर देऊन देशी लेखनाची बाजू मांडली. सुरतेपासून जवळ, बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली आणि स्वतःच्या स्वरलेखनपद्धतीने विद्यार्थ्यांना शिकवले. गायकवाडांचे सोनगड, नवसारी हे प्रदेश सुरतेला लागूनच. तेव्हा छापील चिजांवरून गाणे शिकण्याची कल्पना दक्षिण गुजरातेतील मराठी कुटुंबांना परकी नव्हती. बडोद्यातच १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि तिचे सूत्रधार होते पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंडे (१८६०–१९३६) आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) या दोन विष्णूंनी मराठी घरांत लिहिलेले संगीत आणले. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापले, १९०८ साली मुंबईस त्याची शाखा उघडली आणि शिष्यांसाठी पुस्तके छापली. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत चार भागांत लिहिला आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्याघराण्यांतून मिळवलेल्या बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. दोघांनीही पाच रेषा नाकारल्या आणि देवनागरी अक्षरे स्वीकारली. सा, रे, ग, म ही अक्षरे म्हणजे षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम या नावांची आद्याक्षरे. युरोपातही अकराव्या शतकात आरेझोच्या ग्विडो या इटालियन भिक्षूने एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांची आद्याक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली होती, आणि एकोणिसाव्या शतकात सारा ग्लोव्हर व जॉन कर्वेन या इंग्रज शिक्षकांनी रेषा टाकून त्या अक्षरांवरच सामान्य माणसाला गायला शिकवले होते. तेव्हा अक्षरांनी स्वर लिहिणे हे काही मागासलेपणाचे लक्षण नव्हे. जेथे षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे सरकतो तेथे तीच सोयीची रीत आहे.

अडचण अक्षरांची नाही; अक्षरांभोवतीच्या खुणांची आहे. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकातील स्वराखाली टिंब देतात आणि तार सप्तकातील स्वरावर टिंब देतात. पलुसकर पद्धतीत स्वरावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ येते. म्हणजे अक्षरावरील तेच एक टिंब एका पुस्तकात स्वर वर नेते आणि दुसऱ्या पुस्तकात खाली आणते. भातखंडे मध्यमावर उभी रेघ देतात ती तीव्रतेची. पलुसकरांची उभी रेघ तार सप्तकाची. भातखंडे स्वराखाली आडवी रेघ देतात तेव्हा तो स्वर कोमल होतो. पलुसकरांची आडवी रेघ एका मात्रेचे मान सांगते आणि कोमलत्व हलन्तासारख्या तिरप्या खुणेने दाखवले जाते. भातखंड्यांचे शून्य म्हणजे खाली. पलुसकरांचे स्वराखालील शून्य म्हणजे अर्धी मात्रा. समेला भातखंडे गुणाकाराची फुली मांडतात आणि पलुसकर एकचा आकडा. खालीला पलुसकर अधिकाची खूण करतात. जीर्ण कागदावर, पुसट शाईत, फुली आणि अधिक यांत फरक तो किती?

याचा परिणाम काय होऊ शकतो हे एका उदाहरणाने पाहता येईल. पलुसकर पद्धतीने छापलेली बिलावलातील एखादी साधी चीज घ्यावी. पुष्कळसे स्वर एकेका मात्रेचे असल्यामुळे त्यांच्याखाली आडव्या रेघा असतील. केवळ भातखंडे पद्धती शिकलेल्या विद्यार्थ्याने ते पान उघडले तर त्याला ऋषभ, गांधार, धैवत, निषाद सारे कोमल दिसतील, आणि बिलावलाऐवजी भैरवीचे स्वर तो गाऊ लागेल. षड्जाखाली आणि पंचमाखालीही रेघ पाहून जाणता विद्यार्थी थबकेल, कारण हे स्वर कोमल होत नाहीत. नवखा थबकेलच असे नाही. रागाचे नाव वर छापलेले असल्यास गोंधळ लवकर उघडकीस येईल. पण ज्या चिजेचा राग अनवट आहे, जिची चाल आज कोणाच्याच गळ्यात नाही, तिच्या बाबतीत चूक दाखवणार कोण? अशा चिजेचा एकमेव साक्षीदार तो कागद असतो. खुणांचा अर्थ हरवला तर कागद असूनही चीज गेलीच म्हणायची.

अशा पुस्तकांच्या आरंभी बहुधा ‘चिन्हांचा खुलासा’ असे एखादे पान असते. पुस्तकाची सारी विद्या त्या पानावर टांगलेली असते, आणि जुन्या पुस्तकाची आरंभीची पानेच सर्वांत आधी सुटतात, हे ग्रंथपालांना सांगायला नको. पाश्चात्य लेखनात किल्ली प्रत्येक ओळीच्या आरंभी छापतात; येथे किल्ली एकदाच, पहिल्या पानावर, आणि तीही सुटणारी.

पण केवळ पान सुटल्याने अर्थ हरवावा, हे तरी का घडते? येथे नावांचा प्रश्न येतो. इंग्रजी परंपरेत प्रत्येक खुणेला उच्चारता येईल असे नाव आहे. वाद्यवृंदाच्या तालमीत सूत्रधाराला तीस-चाळीस माणसांशी खुणांविषयी बोलावे लागते. म्हणून नाव लागते, आणि नाव तोंडात असले की पान नसले तरी अर्थ टिकतो. मराठीत संगीतक्रियांची नावे भरपूर आहेत. मींड, कण, खटका, मुर्की, गमक, आंदोलन यांतील सूक्ष्म भेद सामान्य रसिकही जाणतो. पण मींडेची खूण, कणाची खूण, यांना स्वतःची नावे नाहीत. ‘वरची कमान’, ‘डोक्यावरचे बारीक अक्षर’ असे वर्णन करून वेळ निभावावी लागते. भातखंडे पद्धतीत कंसात लिहिलेला एक पंचम हा धैवत, पंचम, मध्यम, पंचम असा चार स्वरांचा गुच्छ असतो. एवढ्या चतुर युक्तीलाही ‘कंसातला प’ यापलीकडे नाव नाही.

मराठी भाषेला नावे देता येत नाहीत असे मुळीच नाही. जेथे गरज पडली तेथे ती चोख दिली गेली. पेटी, म्हणजे हार्मोनियम, युरोपातून आली; पण तिच्या पट्ट्यांना कोणी सी, डी, ई म्हणत बसले नाही. पांढरी एक, पांढरी चार, काळी एक, काळी चार अशी नावे पडली. ‘काळी चार’ म्हटले की गायक, पेटीवाला आणि तबलजी या तिघांनाही क्षणात कळते. इंग्रजीतील ‘जी शार्प’ तो हाच. तबला सुरात लावायचा तर तिघांना एकमेकांशी बोलणे भाग होते, म्हणून शब्द जन्मला. फ्रेंचांनी जसे डोळ्यांना दिसेल ते नाव दिले तसेच मराठी मैफलीनेही दिले. खुणांच्या बाबतीत असे बोलण्याचा प्रसंग आला नाही, कारण गाणे कानाने शिकवले जात होते आणि पुस्तक केवळ आठवणीला होते.

आता तो प्रसंग आला आहे. हजीऱ्याच्या खत, पोलाद व वायूच्या कारखान्यांमुळे येथे वसाहती झाल्या, नोकरीनिमित्त मराठी माणसे आली. कारखान्यात काम करणाऱ्याला खुणांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. नळांच्या आराखड्यावरील झडपेची प्रत्येक आकृती कोणती, तिचे नाव काय, हे ठरलेले असते. म्हणूनच आराखडा समोर नसलेल्या माणसाला दूरध्वनीवरूनही काम सांगता येते. नाव नसलेली खूण आराखड्यात चालत नाही, मग ती बंदिशीत कशी चालावी? आज गुरू एका गावी व शिष्य दुसऱ्या गावी, आणि शिकवणी यंत्राच्या पडद्यावर, असा व्यवहार सर्रास होतो. एकाच घरातले एक मूल ब्रिटिश परीक्षामंडळाच्या पुस्तकातून क्रॉचेट-क्वेव्हर शिकते आणि दुसरे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेसाठी भातखंडे व पलुसकर पद्धतींची तुलना पाठ करते. पहिल्याला खुणा नावाने येतात, दुसऱ्याला वर्णनाने.

संगणकाच्या क्षेत्रातही हीच तफावत उतरली आहे. जगातील लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेत पाश्चात्य संगीताच्या खुणांना २००१ साली स्वतंत्र विभाग आणि प्रत्येक खुणेला अधिकृत नाव मिळाले. भातखंडे किंवा पलुसकर पद्धतीच्या खुणांसाठी तसा विभाग नाही. त्यामुळे कोमल स्वर टंकित करताना पुष्कळ जण वैदिक अनुदात्ताची आडवी रेघ उसनी घेतात. ऋग्वेदाच्या लेखनात अनुदात्ताला खाली आडवी रेघ, स्वरिताला वर उभी रेघ आणि उदात्ताला काहीच खूण नाही. भातखंडे पद्धतीत कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्राला वर उभी रेघ आणि शुद्धाला काहीच खूण नाही. हे साम्य विलक्षण आहे. एवढी जुनी आणि एवढी साधी चिन्हव्यवस्था ज्या भाषांच्या वारशात आहे त्यांना खुणांची नावे निश्चित करणे अवघड जाऊ नये.

त्यासाठी जड पारिभाषिक कोशाची गरज नाही. अवग्रह, कंस, फुली, शून्य ही नावे मराठीत आहेतच. अधोबिंदू आणि ऊर्ध्वबिंदू, अधोरेखा आणि ऊर्ध्वरेखा, एका मात्रेतील स्वरांना बांधणारी खालची कमान आणि मींडेची वरची कमान, एवढी सातआठ नावे शिक्षकांनी वर्गात नेमाने वापरली तर ती वर्षभरात रुळतील. एक पथ्य मात्र पाळले पाहिजे : खुणेचे नाव आणि स्वराचे नाव यांची गल्लत होता कामा नये. ‘अधोरेखा’ हे खुणेचे नाव. ती भातखंड्यांकडे कोमल दाखवते आणि पलुसकरांकडे मात्रा, हा तिचा अर्थ. नाव आणि अर्थ वेगळे ठेवले तरच दोन पद्धतींची पुस्तके शेजारी ठेवून वाचता येतील. आणि ज्यांना पाच रेषांचे लेखन शिकायचे आहे त्यांनी क्रॉचेट, क्वेव्हर ही नावे तशीच घ्यावीत. इंग्रजांनी इटलीचे शब्द घेतले म्हणून त्यांची भाषा उणी झाली नाही. मराठीनेही खाली, मुर्की, पेटी असे शब्द निरनिराळ्या वाटांनी आलेले असताना आपलेसे केलेच आहेत.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या प्रसंगी या विषयाचे औचित्य अधिक आहे. मराठी ग्रंथालयांच्या कपाटांतून गायनाची जुनी पुस्तके, नाट्यपदांच्या स्वरलिपी, हस्तलिखित वह्या अजून आहेत. त्यांची सूची करताना ग्रंथनाम व ग्रंथकर्ता यांच्याबरोबर स्वरलेखनाची पद्धती कोणती, ही एक ओळ पत्रकावर लिहिली जावी. चिन्हांच्या खुलाशाचे पान शाबूत आहे की नाही ते पाहावे. नसल्यास त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रतीवरून त्याची नक्कल करून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवावी. खर्च नगण्य, श्रम थोडे. पण त्या एका पानामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या बंदिशीतील मंद्राचा निषाद मंद्रातच राहील आणि बिलावल बिलावलच राहील. पुस्तक जतन करणे हे ग्रंथालयाचे अर्धे काम. ते वाचता येईल अशा स्थितीत पुढच्या वाचकाच्या हाती देणे हे उरलेले अर्धे.